मुसळाला पहिला हात

आमचं शहर ऐतिहासिक आहे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तोवरची उमर मी जालन्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. जिल्ह्याच्या इतिहासाचं कपाट माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे होतं आणि ते उघडायला वाळवीखेरीज कोणी आल्याचं मला आठवत नाही. मग पुण्याहून एक दाढीवाला तरुण टेम्पो भरून इलेक्ट्रिक सायकली घेऊन आला. स्टेशनजवळच्या एका लॉजच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं त्या चार्जिंगला लावल्या आणि शहरभर फलक टांगले: 'वारसा आणि चव'. फलकावर एका किल्ल्याचा फोटो होता. तो किल्ला जालन्यातला नव्हता.

गिऱ्हाईक मात्र खरं होतं. बियाण्यांच्या कंपन्यांकडे आणि लोखंडाच्या कारखान्यांकडे बाहेरगावचे पाहुणे येतात. शनिवारी त्यांचं काम उरकतं, सोमवारी पुन्हा मीटिंग असते, आणि मधल्या रविवारी त्यांचं करायचं काय, हा प्रश्न कंपन्यांना छळत होता. वेरूळ-अजिंठा आधीच पाहून झालेल्यांना आता जालना दाखवायचं ठरलं. सायकलीवर बसायचं, गाईडच्या मागे जुन्या जालन्यातल्या गल्ल्यांतून फिरायचं, जागोजागी थांबून खायचं, आणि शेवटी एका घरी जेवायचं. घरचं, अस्सल, मराठवाड्याचं. सायकली आणणारा तरुण स्वतःच गाईड होता आणि हे शेवटचं घर तो शोधत होता.

शोधत शोधत तो सार्वजनिक वाचनालयात माझ्यापर्यंत आला. मी राहतो बदनापूरला, पण घरी बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा सकाळच्या गाडीनं जालन्याला येतो, वाचनालयात बसतो आणि दुपारचा डबा आक्काकडून आणतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जुन्या जालन्यात धान्याच्या ठोक दुकानांमागे एक गल्ली आहे, तिथं ती एकटीच राहायची. तिचे यजमान एका आडतीवर मुनीम होते. ते जाऊनही फार वर्षं झाली.

त्या दिवशी डब्यात येसराची आमटी होती. येसर हा आमच्याकडचा लग्नातला मसाला. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरची, खडा मसाला असं सगळं वेगवेगळं भाजून एकत्र कुटायचं आणि त्याची आमटी करायची. गाईडनं माझ्या डब्यात भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात टाकला आणि थोडा वेळ त्याचं बोलणं थांबलं. पुढच्या सगळ्या ओळखीत ते तेवढं एकदाच थांबलं.

"सर, हे कोण बनवतं?"

"माझी बहीण."

"फायनल," तो म्हणाला.

आक्काला हे सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "दर इतवारी येतील का?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, तसं म्हणतोय. तिनं सूप खाली ठेवलं आणि फोन उचलून मुलाला लावला. मुलगा पुण्याला. त्याचं बरेच दिवस एकच चाललेलं होतं: आई, तू तिथं एकटी काय करतेस, इकडे ये. वाईट नव्हता तो. मागच्या उन्हाळ्यात आक्का मोरीत घसरली आणि शेजारणीच्या लक्षात येईपर्यंत तशीच बसून राहिली, तेव्हापासून त्याला झोप नव्हती. शिवाय एका कापडवाल्याला गोदामासाठी ते घर भाड्यानं हवं होतं. आक्का दर वेळी सांगायची, इथं माझं काम असतं. तो विचारायचा, कसलं काम? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. आता होतं.

"पाहुणे येणार हायेत जेवायला. दर इतवारी," ती फोनवर म्हणाली. "मंग मी कशी येऊ?"

तो बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. शेवटी ठरलं असं की, हे काम खरंच लागलं तर दिवाळीनंतर पुण्याला जायची गोष्ट बंद. नाही लागलं, तर तो गाडी घेऊन येणार. फोन ठेवल्यावर आक्का माझ्याकडे बघून हसली. तिचं हसणं मी विसरलो होतो म्हणा.

गाईडची एक अट होती. नुसतं जेवण नको, येसर कुटताना दिसलं पाहिजे, आणि मिक्सर दिसता कामा नये. गल्लीत कुणाकडेही चालू उखळ नव्हतं. सगळ्यांचे मसाले कांडप यंत्रावर जातात. शेवटी एका घरामागे सापडलं, शेळी त्यातून पाणी पीत होती. आक्कानं ते आणवलं, राखेनं घासलं, उन्हात ठेवलं, पुन्हा घासलं. मुसळ वाटूरहून एका नातेवाइकाकडून एस.टी.नं आलं. कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं असेल.

आता एक गोष्ट सांगायला हवी. येसर लग्नाचं असल्यामुळे ते कुटायला घेताना उखळाला हळदकुंकू वाहतात आणि मुसळाला पहिला हात सवाष्णीचा लागतो. विधवेनं तो लावायचा नाही. गल्लीतल्या कितीतरी लग्नांचं येसर आक्कानं केलं. मापं तिची, भाजणं तिचं, कुठला जिन्नस कधी उतरवायचा ते तिनं नुसत्या वासावरून सांगायचं. आणि मुसळ उचलायची वेळ आली की ती आपसूक उठून आतल्या खोलीत जायची. कुणी तिला जा म्हणायचं नाही. तशी वेळच ती येऊ द्यायची नाही.

रविवारी सकाळी मी पोचलो तर उखळापाशी शेजारीण बसलेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, लग्नातली नथ. तिशीतली, हसरी, चटपटीत बाई. आक्काला मावशी म्हणायची आणि आक्का मोरीत पडली तेव्हा तिनंच उचललं होतं. मी आक्काला आत नेऊन विचारलं, "ही कशाला?"

"पहिला हात लावायला."

"आक्का, लग्न कुणाचं आहे?"

"लग्न नसू दे. काम तर नवं हाय ना. माझ्या हातानं सुरू करून ते बुडवू का?"

मी आयुष्यभर पुस्तकांच्या संगतीत राहिलो. अशा वेळी काय बोलायचं ते त्यांत भरपूर लिहिलेलं आहे आणि मी ते सगळं बोललो. ती भाकरीचं पीठ मळत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? मंग जा जल्दी, ते लोक निघतील." पाहुण्यांबरोबर सायकलीवरून फिरायचं मला गाईडचं आमंत्रण होतं. फुकट. जाणकार म्हणून.

स्टेशनजवळून निघालो. पाच-सहा पाहुणे, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर त्या परक्या किल्ल्याचं चित्र. इलेक्ट्रिक सायकल ही गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. पॅडल आपण मारायचं आणि श्रेय मोटारीनं घ्यायचं, किंवा उलट. थोडासा पाय हलवला की मागून कुणीतरी अदबीनं ढकलावं तशी ती पुढे जाते. जुन्या जालन्यातल्या बाजारगल्ल्यांत शिरल्यावर तिची खरी अडचण कळली. तिला आवाज नाही. इथले लोक हॉर्नवर सरकतात. रिक्षावाला मागे आला की हातगाडी बाजूला होते, बुलेट आली की रिक्षा. आमच्यासाठी कुणीच सरकलं नाही. आम्ही पोत्यांच्या थप्प्यांमध्ये एकामागे एक अडकून उभे राहिलो.

"ओ मामा," पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल मला म्हणाला. आक्काचा भाऊ म्हणून गल्लीसकट अर्ध्या बाजाराचा मी मामा. "पाय हालवून राह्यले का हालवल्यासारखं करून राह्यले?"

"बॅटरी आहे," मी म्हणालो.

"मंग पॅडल कशाला?"

"व्यायामासाठी."

"मंग बॅटरी कशाला?" तो म्हणाला आणि पोतं घेऊन निघून गेला.

गाईडच्या कानाला माईक होता. पहिल्या थांब्यावर त्यानं मिरचीची भजी खाऊ घातली आणि ती शेकडो वर्षांपूर्वी घोडेस्वारांच्या शिदोरीत असत असं सांगितलं. दुसऱ्या थांब्यावर मोसंबीचा रस. तिथं एका पडक्या भिंतीकडे हात करून तो म्हणाला, इथून गुप्त भुयार थेट देवगिरीच्या किल्ल्यात जातं. पाहुण्यांनी भिंतीचे फोटो काढले. मराठवाड्यात जिथं म्हणून पडकी भिंत आहे तिथून देवगिरीला भुयार जातं. एवढी भुयारं खरंच असती तर तो किल्ला केव्हाच खचून खाली बसला असता. मी तसं म्हणालो. गाईड खुशीत हसला आणि माईकवर सांगितलं की, सर आपल्याकडच्या दंतकथांचे गाढे अभ्यासक आहेत.

आक्काच्या गल्लीत पोचलो तेव्हा रांगोळी होती, उखळाला हळदकुंकू होतं आणि शेजारीण मुसळ धरून तयार होती. काठीला लावलेला फोन गाईडनं पुढे केला.

"ताई, काय करताय तुम्ही?"

"येसर कुटून राह्यले. आमच्याकडं लग्नात असतंय."

"आणि हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

शेजारणीनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पद्धतीप्रमाणे आक्का आत होती. "आमच्या मावशीनं," ती म्हणाली.

"म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं," गाईड फोनला म्हणाला.

मुसळ पडायला लागलं. वास उठला, आणि तो वास काय असतो ते मी सांगत बसत नाही. पाहुणे पुढे सरकले. एका बाईंना मुसळ मारून पाहायचं होतं, शेजारणीनं त्यांचा हात धरून शिकवलं. दुसरीला नथीची गंमत वाटली. शेजारीण त्यांच्याशी हसत, मोडक्या हिंदीत, न लाजता बोलत होती. ती खोटं एक अक्षर बोलली नाही. हे मी तिच्या बाजूनं मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण नंतर मला तिचा फार राग आला.

पहिला हात लागून झाल्यावर आक्का बाहेर आली. फिकट लुगडं, कोपरापर्यंत पीठ. तिनं पत्रावळी मांडल्या, भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि आमटी वाढली. पाहुणे जेवले ते मात्र मनापासून. एकानं आमटी पिऊन वाटी पुढे केली. "मावशी, अजून थोडी," म्हणाला, आणि लगेच शेजारणीकडे वळून, "ताई, काय हात आहे तुमचा."

शेजारणीनं सांगितलं, "आमटी मावशीची हाय." तो म्हणाला, "हो, त्यांनी वाढली पण छान."

जेवणं झाल्यावर गाईड मला सायकलींपाशी घेऊन गेला. त्यानं आवाज खाली केला. लोक दुसऱ्याचं काही काढून घेताना असा आवाज खाली करतात, हे मी महाविद्यालयाच्या बैठकांमध्ये शिकलो होतो.

"सर, स्टॉप पक्का. फक्त एक. यजमान म्हणून ताईंना ठेवू. त्यांच्या घरापुढे अंगण आहे, सायकली लागतील. बोलतातही छान. व्हिडिओपण त्यांचाच आलाय. आजींना या वयात कशाला दगदग?"

"जेवण माझ्या बहिणीचं आहे," मी म्हणालो. "शेजारणीनं फक्त मुसळ धरलं. तेही रीत म्हणून."

"कसली रीत?"

मी सांगितली. पहिला हात, सवाष्ण, विधवा, आतली खोली, सगळं. तो लक्ष देऊन ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले, अगदी खरे.

"सर, हे फार सुंदर आहे," तो म्हणाला. "हे मी स्टोरीत घेतो."

"स्टोरीत घे. तिलाही घे."

"त्यांना मागे दाखवू ना. दारात. सावलीत." मग तो पाहुण्यांकडे गेला.

मी आक्काकडे गेलो. ती मोरीपाशी भांडी घासत होती, जिथं ती पडली होती तिथंच. "तू येऊन सांग त्याला," मी म्हणालो. "तुझं ऐकेल तो. आमटी कुणाची, हे त्याच्या जिभेला माहीत आहे."

"काय सांगू? तिला मीच बसवली ना."

"मग आता उठव."

"उठवू? हळदकुंकू वाहून बसवलेल्या बाईला?" तिनं पातेलं पालथं घातलं. "तिच्या हाताला गुण आला बघ. काम लागलं. माझ्या हातानं लागलं असतं का?"

मी म्हणालो, "आक्का, काम तुला लागायला पाहिजे होतं."

तिनं नळ बंद केला, हात पुसले. पॅडल कुणी मारायचं आणि श्रेय कुणी घ्यायचं, हे सायकलीचं कोडं तिला कधीच पडलं नाही.

संध्याकाळी शेजारीण आली. नथ काढलेली, चेहरा कसनुसा. "मावशी, मी त्यांना न्हाई म्हणणार होते," ती म्हणाली. "पण आमच्या ह्यांची दुकान बंद पडल्यापासून तुम्हाला तर सगळं ठाऊक हाय. तुम्ही मसाला तेवढा करून देत जा. मी पुढचं बघते. तुमचं बराबर तुम्हाला देईन."

आक्का उठली, फळीवरची बरणी काढली, सकाळचं सगळं येसर त्यात होतं. ती तिच्या हातात दिली. "मी मसाला विकत न्हाई," ती म्हणाली. "घेऊन जा. झाकण घट्ट लाव."

रात्री मुलाचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो.

"झालं का आई? आवडलं का त्यांना?"

"बिलकुल. वाट्या चाटून खाल्लं."

"मग येणार ना दर रविवारी?"

"येणार."

"तुझ्याकडे?"

ती खोटं बोलली असती तर चाललं असतं. शेजारणीनंही सांभाळून घेतलं असतं. मला तर तिनं बोलावं असंच वाटत होतं.

"शेजारी," आक्का म्हणाली.

दिवाळी झाल्यावर तो गाडी घेऊन आला. सामान फार नव्हतं. आक्कानं उखळ ज्याचं होतं त्याला परत केलं आणि शेळी पुन्हा त्यातून पाणी प्यायला लागली. मुसळ कुणी परत नेलं नाही, ते शेजारणीच्या भिंतीला टेकून राहिलं. आठवडाभरात आक्काच्या घरात कापडाचे गठ्ठे आले. खिडकीच्या गजापर्यंत. माझा डबा बंद झाला. मी स्टेशनबाहेर पोहे खायला लागलो, ते पोहे कुठल्याही घोडेस्वाराच्या शिदोरीत नसावेत.

त्या बाजूला मी जायचं टाळत होतो. एका रविवारी मात्र आडतीच्या रस्त्यावरून चाललो असताना मागून काहीच आवाज आला नाही आणि सायकलींची रांग माझ्या शेजारून गेली. गाईडनं ओळखलं, थांबला, "सर, चला ना, आज तुम्ही आमचे पाहुणे," म्हणाला. मी गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. भूक लागली होती हेही एक कारण आहे.

शेजारणीच्या अंगणात आता कायमचा मांडव होता. भिंतीवर फलक, फलकावर तिचा नथीतला फोटो. आतून मिक्सरचा आवाज येत होता, तो थांबल्यावर गाईडनं मुसळाबरोबर तिचा व्हिडिओ घेतला. तिनं मला पाहिलं आणि लगबगीनं बाजूला नेलं.

"मामा, बरं झालं आले. मावशीची बरणी संपली गेल्या महिन्यात. मी करून राह्यले, पण ती चव येईना. खोबरं धन्याच्या आधी भाजायचं का मागून, एवढं विचारा ना मावशीला. मी फोन केल्ता, त्यांनी उचलला न्हाई."

मी फोन लावला. आक्कानं पहिल्याच घंटेला उचलला. पुण्याला मुलाच्या वरच्या मजल्यावरच्या घरात तिला दुपारी फोनजवळ बसण्याखेरीज काम नसतं. कसा आहेस, जेवला का, असं झाल्यावर मी सांगितलं कुठून बोलतोय आणि प्रश्न विचारला.

पलीकडे कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. भाच्याची लहान मुलगी काहीतरी मागत होती. आक्कानं तिला थांब म्हटलं.

"मुसळाला हात कुणाचा लावते ती आता?" तिनं विचारलं.

"मिक्सर आहे."

"बरं," ती म्हणाली.  "तिला सांग, मला आठवत न्हाई."

"आक्का."

"आठवत न्हाई म्हण."

ज्या बाईला डोळे मिटून वासावरून जिन्नस उतरवता यायचा, तिनं हे म्हटलं. मी फोन खिशात ठेवला. शेजारीण तोंडाकडे बघत उभी होती.

"आठवत नाही म्हणते," मी सांगितलं.

"वय झालं ना मावशीचं," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. तिनं माझ्यापुढे पत्रावळ मांडली आणि सगळ्यांच्या आधी मला वाढलं. गाईडनं पाहुण्यांना गोळा करून माईकवर सांगायला सुरुवात केली की, ही पाककृती आता फार थोड्या जणींना ठाऊक आहे, आणि पुढच्या पिढीपर्यंत ती पोचवायची जबाबदारी आपली आहे.

मी आमटी ओरपली. मीठ बराबर होतं. चव आक्काची नव्हती; खोबरं आधी भाजलेलं होतं.